निळ्या टोपणाची नळी

नमस्कार श्रोतेहो.

२०२१ चा एप्रिल आठवा. लग्नसराईतही मोबाइलवर पत्रिकांऐवजी रक्ताचे रिपोर्ट फिरत होते. मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटचं तोंड सहसा बघत नाही, माझी गाठ त्याच्या रक्ताशी. पण त्या दिवसांत रात्री अकराला फोन यायचे, ‘‘डॉक्टर, दादांचा डी-डायमर काल ०.४ होता, आज ४०० आलाय हो!’’ हजारपट वाढला म्हणून सगळं घर हवालदिल. मी विचारायचो, आकड्यापुढे काय लिहिलंय? एका लॅबने मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं, दुसरीने त्याच्या हजाराव्या भागात, नॅनोग्रॅममध्ये. आकडा तोच, आणि तोही नॉर्मल!

डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा. कोविडमध्ये फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरायच्या, म्हणून हा आकडा चढायचा. वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्येच छापून आला होता. दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांना धोका जास्त दिसला. पण बाळंतपण, ऑपरेशन, नुसतं वय, यांनीही तो वाढतो. शिवाय ही तपासणी निळ्या टोपणाच्या नळीत होते. नळीत एक भाग रक्त गोठू न देणारं औषध, त्यावर नऊ भाग रक्त, बरोबर रेघेपर्यंत. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या, धुरकट चष्म्यातून शीर शोधणाऱ्या सिस्टरकडून अर्धवट भरलेली नळी आली की मी परत पाठवायचो. पाठवताना जीवावर यायचं.

सीआरपी हे प्रथिन लिव्हरमध्ये तयार होतं, शरीरात दाह पेटला की वाढतं. लोह साठवणाऱ्या फेरिटिनचंही तसंच, दाहात वाढतं. आता गंमत बघा. टोसिलिझुमॅब हे दाह आवरणारं इंजेक्शन दिलं की सीआरपी झरझर उतरतं, कारण ते बनवण्याचा निरोपच हे औषध अडवतं. कागद सुधारतो, पेशंट सुधारलाच असं नाही. स्टेरॉइडचं उलट. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की डेक्सामिथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. मोलाचं औषध. पण त्याने पांढऱ्या पेशी वाढतात, आणि नातेवाईक म्हणतात, ‘‘इन्फेक्शन वाढलं!’’ साखरही चढते, तिच्याकडे मात्र दुर्लक्ष झालं की म्युकरसारखी बुरशी टपलेलीच.

मला विचाराल तर मी लिम्फोसाइटकडे बघायचो. विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर द्यायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. एरवी त्यांत वीस ते चाळीस लिम्फोसाइट सापडतात. त्या वेळी गंभीर रुग्णांत सहा, सात सापडायचे. काही मोठाले, निळसर, शेजारच्या लाल पेशींना बिलगून पसरलेले. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. तो कुठे चाललाय, ते सांगतो.

एका रुग्णाच्या पट्ट्या मी रोज बघत होतो. सहा. सात. परत सहा. मग नऊ. दोन दिवस नऊवरच अडकला. वॉर्डातून कळलं, ऑक्सिजन थोडा कमी केलाय. बाराव्या दिवशी अठरा मोजले. विश्वास बसेना, म्हणून तीच पट्टी सरकवून पुन्हा शंभर मोजले.

एकोणीस भरले.