बिनविरोध सीआर

मंडळी, आधी हात वर करा बघू. कोणाकोणाच्या सोसायटीत सेक्रेटरीपदाला दोन जण उभे राहतात? तीनच हात, आणि त्यातले दोन एकाच बिल्डिंगचे, म्हणजे तिथे पार्किंगचं भांडण असणार. (हशा) हसू नका, आजचा विषय तोच आहे, निवडणुकीला दुसरा कोणी उभाच का राहत नाही, आणि तेही कॉलेजात.

मी नव्वदीच्या शेवटाला इथेच ठाण्यात कॉलेजला होतो, कॉलेजचं नाव सांगत नाही. एक दिवस नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं, सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी म्हणून. फॉर्म भरला नव्हता, मत मागितलं नव्हतं, आदल्या वर्षी वर्गात पहिला आलो होतो एवढाच गुन्हा. १९८९ ला मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकाच बंद केल्या. मग काय, मार्कांवर सीआर, शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असे प्राचार्यांनी नेमलेले, ही झाली विद्यार्थी कौन्सिल, आणि या सगळ्यांनी आपल्यातलाच एक सेक्रेटरी निवडायचा. आमचा कसा निवडला माहितीये? सरांनी विचारलं, कोण करतंय, सगळे बेंचकडे बघायला लागले, शेवटी ज्याच्याकडे बाईक होती त्याला केला कारण स्पॉन्सरशिपसाठी फिरायला लागतं. मिनिट्समध्ये लिहिलं, ‘एकमताने, बिनविरोध’.

पुढे २०१६ च्या कायद्यात निवडणूक परत आली, कागदावर. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी, एक राखीव गटातून, थेट मतदानाने. २०१९ ला होणार होणार म्हणता पुढे ढकलली, विधानसभा आली, मग कोरोना. त्याआधी २००६ ला विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीचे नियम सुप्रीम कोर्टाने लागू केले, त्यात उमेदवाराला खर्च पाच हजार, छापील पोस्टर नाही, ७५ टक्के हजेरी, केटी म्हणजे राहिलेला विषय नको, आणि पदाधिकारी म्हणून उभं राहायला आयुष्यात एकच चान्स. नियम चांगल्या हेतूने केलेत, मला मान्य आहे, गुंडगिरी आम्हीपण ऐकलेली आहे. पण एकच चान्स म्हटलं की हरलेला पोरगा पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार कसा? हरून परत येणारे लोक नसतील तर विरोधी पॅनल तयार होणार कधी?

तरी मला विचाराल तर खरं दुखणं नियमात नाहीये. तुमच्या मुलांच्या फीची पावती काढा, त्यात जिमखाना फी असते. ती कशावर खर्च होते हे कौन्सिलमधल्या पोरांना कोण विचारतं? आमच्याकडे फेस्टच्या बॅनरचा रंगसुद्धा स्टाफरूममध्ये ठरायचा. कशावरच सही चालत नसलेल्या पदासाठी दोन पोरं कशाला भांडतील हो? मुलं उदासीन आहेत, मोबाईलमध्ये असतात वगैरे मला पटत नाही, तीच मुलं सोसायटीच्या गणपतीत वर्गणीच्या हिशोबावरून रात्री दोनपर्यंत वाद घालतात, का, तर पैसे त्यांच्या हातात असतात.

मध्यंतरी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात बोलायला गेलो होतो, विचारलं सीआर कोण, वर्ग मागे वळून बघायला लागला. एक मुलगी उठली, म्हणाली सर, मला ग्रुपवर कळलं की मी आहे. मी विचारलं, काय काम करतेस? म्हणाली, पिकनिकचे पैसे गोळा करते.

बरं, ते पार्किंगवाले दोघं, तुमच्यातला निवडून कोण आला ते तरी सांगा.