ओटीतला कापूस, अंगावरचं कापड

(दृश्य : नोव्हेंबरची सकाळ. पऱ्हाटीच्या ओळी. पानांवर अजून दव आहे. बांधावर बायका बसल्या आहेत.)

दिवस वर आलाय, तरी वेचणीला हात लागलेला नाही. दव उतरायची वाट बघतायत सगळ्या. ओला कापूस वेचला तर तो गंजीत तापतो, पिवळा पडतो, आणि बाजारात ग्रेडरनं मूठभर हातात घेतला की भाव तिथंच खाली येतो. म्हणून थोडं ऊन चढू द्यायचं.

मग ओळी धरल्या जातात. कमरेला ओटी. डाव्या हातानं फांदी जवळ ओढायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी उमललेल्या बोंडातून कापूस अलगद उचलायचा, वाळकं पान सोबत येऊ न देता. हे काम बघायला सोपं वाटतं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना कशी टोचतात, ते संध्याकाळी त्या हातांकडे बघितल्यावर कळतं.

(दृश्य : जवळून. ओटीत पडणारा कापूस. मग कॅमेरा साडीवर.)

आता तिच्या साडीकडे बघा. झुळझुळीत, फुलाफुलांची, रंग अजून पक्का. ही साडी पॉलिएस्टरची आहे. शेजारच्या ओळीत वेचणारीचीही तीच गत. दिवसभर कापसात हात असलेल्या बाईच्या साडीत कापसाचा एक धागा नाही.

का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं. धुतली की लगेच वाळते. इस्त्री लागत नाही. आणि स्वस्त पडते.

तिचं काहीच चुकत नाही. पण याच तीन कारणांपायी जगभरच्या कापूस संघटनांची साठ वर्षं झोप उडालेली आहे. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे देश या एका गोष्टीसाठी एका टेबलाशी बसले, पुन्हा पांगले, पुन्हा बसले. ती गोष्ट आज सांगायची आहे.

(दृश्य : खामगाव. जुनी रेल्वे, कापूस बाजार.)

एक काळ असा होता, की कापसाला गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं. गिऱ्हाईकच कापसाच्या शोधात दारात येत होतं. १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. लिव्हरपूलच्या दलालांची नजर वऱ्हाडावर आली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले ते कापसासाठी बांधलेल्या रेल्वेच्या फाट्याचं उद्‌घाटन करायला. त्या दलालांची संघटना १८४१ सालची. ती आजही आहे. आता तिचं नाव इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन. जगातल्या कापसाच्या बऱ्याचशा सौद्यांना अजून तिचेच नियम लागतात.

त्या काळात कापसाला पर्याय म्हणजे लोकर, ताग, रेशीम. कापसाच्या पोटावर पाय देईल असं त्यात कुणीच नव्हतं.

पाय दिला तो दुसऱ्यानंच, आणि तोही कापसाच्याच माहेरात. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांच्या संस्थेत, व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. त्याचं नाव टेरिलीन. आपल्याकडे तो टेरिलीनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट होऊन आला. लग्नात टेरिकॉटचं कापड आहेर म्हणून मिळालं तर घरात चार दिवस कौतुक चालायचं. सुती धोतर आजोबांचं राहिलं.

(दृश्य : काळी पाटी. खडूनं आकडे.)

१९६० साली जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण धाग्यांपैकी दोन तृतीयांश कापूस होता. आज तो वाटा पाचवा हिस्सा उरलाय. २०२३ मध्ये जगात सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतू तयार झाले, त्यांत निम्म्याहून अधिक एकटं पॉलिएस्टर. कापूस पिकणं थांबलेलं नाही, हेही लक्षात घ्या. साठ सालच्या मानानं आज कापूस दुपटीहून जास्त वापरला जातो. पण माणसं वाढली, कपडे त्याहून जास्त वाढले, आणि त्या वाढीचा मोठा घास पॉलिएस्टरनं घेतला.

म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याचा खरा स्पर्धक टेक्सासचा शेतकरी नाही. त्या दोघांचाही स्पर्धक कच्च्या तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यात आहे. तिथं ना बोंडअळी पडते, ना पाऊस हुलकावणी देतो.

हे सगळ्यांत आधी अमेरिकेच्या शेतकऱ्यांना उमगलं, कारण घाव त्यांच्यावर आधी बसला. तिथल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या कापडांत कापसाचा वाटा १९६० साली ७८ टक्के होता, १९७५ मध्ये तो ३४ वर आला. १९६६ साली तिथं कायदा झाला. शेतकऱ्यानं गाठीमागे, म्हणजे कापसाच्या दाबलेल्या गठ्ठ्यामागे, एक डॉलर द्यायचा आणि त्या पैशातून कापसाचं संशोधन आणि प्रचार करायचा. त्यातून १९७० मध्ये कॉटन इन्कॉर्पोरेटेड उभी राहिली. ही संस्था कापूस विकत घेत नाही, विकतही नाही. लोकांनी सुती कपडा मागावा, एवढंच तिचं काम.

(दृश्य : शर्टाच्या आतली चिठ्ठी, जवळून. पांढरं बोंड.)

१९७३ साली त्यांनी एक चिन्ह काढलं. इंग्रजीत कॉटन लिहिताना मधे दोन ‘टी’ येतात. त्या दोन अक्षरांतून एक पांढरं बोंड उमलताना दिसतं. बस, एवढंच. सुती कपडा आहे हे सांगायला शेतातलं बोंड दुकानातल्या चिठ्ठीवर आणून बसवलं. कपडा घेणाऱ्याला तोवर धागा झाडावर येतो याचाच विसर पडला होता. प्रचारासोबत संशोधनही चाललं : सुती कपडा आटू नये कसा, चुरगळू नये कसा. वेचणाऱ्या बाईनं सांगितलेल्या कारणांवरच ते काम करत होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या बाजारात कापूस पुन्हा निम्म्याच्या वर गेला.

आणखी एक बारकावा. पुढे शेतकऱ्याकडून घेतली जाणारी ही वर्गणी अमेरिकेत आयात होणाऱ्या सुती कपड्यांनाही लागू झाली. म्हणजे तिरुपूरचा बनियन तिकडे उतरला, तर त्यातल्या कापसामागेही आयातदार त्या निधीत पैसे भरतो. कापूस कुठलाही असो, प्रचाराचा खर्च त्यानं उचलायचा.

आता आपल्याकडे बघू. १९७० सालीच भारतात कॉटन कॉर्पोरेशन, म्हणजे कापूस खरेदी करणारी आपली सरकारी सीसीआय, स्थापन झाली. १९७२ मध्ये महाराष्ट्रानं कापूस एकाधिकार खरेदी आणली, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारनंच घ्यायचा. तारखा शेजारी ठेवल्या की वाट कुठं फुटली ते दिसतं. आपण शेतकऱ्याच्या दारातला भाव सांभाळायला निघालो. ते दुकानातलं गिऱ्हाईक सांभाळायला निघाले. आपली गरज खरी होती, हमीभावाशिवाय शेतकरी मेला असता. पण गिऱ्हाईक हातातून सुटतंय, इकडे आपलं लक्ष फार उशिरा गेलं.

(दृश्य : जगाचा नकाशा. ब्रसेल्स, मँचेस्टर, वॉशिंग्टन.)

तरी एकत्र येण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपण चुकवला नव्हता. १९६६ साली भारत, अमेरिका, मेक्सिको, सुदान, स्पेन अशा देशांनी मिळून इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर कॉटन काढली. कचेरी ब्रसेल्सला, प्रयोगशाळा मँचेस्टरला, ज्या शहरातल्या संस्थेत पॉलिएस्टर जन्मलं तिथंच. युरोप आणि जपानच्या बाजारात कापसाची बाजू मांडायची, हे काम. विणलेलं सुती कापड धुतल्यावर किती आटेल याचं गणित या प्रयोगशाळेनं गिरण्यांना बसवून दिलं. १९९४ मध्ये ही संस्था बंद झाली. मला याची फार हळहळ वाटते. पॉलिएस्टरचे कारखाने आशियात धडाक्यानं वाढत होते, नेमक्या त्याच वेळी कापसाचं सामायिक घर मोडलं.

मागे उरली ती इंटरनॅशनल कॉटन ॲडव्हायझरी कमिटी, १९३९ सालची, भारत जिची स्थापनेपासून सभासद आहे. ही सरकारांची समिती. तिच्याच पुढाकारानं या शतकाच्या आरंभी कापूस प्रचाराचं एक आंतरराष्ट्रीय व्यासपीठ तयार झालं. त्याची कल्पना साधी होती. एकच जाहिरात सगळ्या जगात चालत नाही, आणि तेवढा पैसाही कुणाकडे नाही. तेव्हा प्रत्येक देशाच्या संघटनेनं आपापल्या बाजारात, आपल्या लोकांच्या बोलीत कापसाचं सांगावं, आणि काय जमलं, काय फसलं हे एकमेकांना मोकळेपणानं कळवावं. आपल्याकडे दोन भावांचा बांधावरून तंटा असतो, पण विहीर आटली की दोघं मिळूनच गाळ काढतात. तसंच हे.

तंटे तर मोठेच होते. ब्राझीलनं २००२ साली अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, तो जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन प्रकरण मिटलं. त्याआधी २०१० पासूनच तडजोडीचा पैसा ब्राझीलच्या कापूस संस्थेकडे जाऊ लागला होता, आणि तो इतर विकसनशील देशांतल्या कापूस शेतकऱ्यांच्या मदतीलाही वापरायचं ठरलं. ज्यांच्याशी कोर्टात भांडले, त्यांच्याच पैशातून शेजाऱ्याला हात दिला.

त्याच ब्राझीलच्या कापूस उत्पादकांनी २०१६ मध्ये आपल्या देशात एक मोहीम काढली. तिचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर ‘मी कापसाचा’. साओ पाउलोच्या फॅशन सप्ताहात त्यांनी तिची सुरुवात केली. शेतकऱ्यांची संघटना, गिरण्या, शिंपी, डिझायनर सगळे एका नावाखाली आले. आणि बघा, आपला कापूस बाहेर विकणारा हा देश घरच्या माणसाला सुती घाल म्हणून आधी सांगतो.

(दृश्य : आफ्रिका. लाल माती, कापसाचे ढीग.)

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती चार गरीब देशांची गोष्ट. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. कोरडवाहू जमीन, हातानं वेचणी, डोक्यावर कर्ज. विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. श्रीमंत देशांच्या अनुदानांनी आमचा भाव पडतो, हे गाऱ्हाणं त्यांनी २००३ मध्ये जिनिव्हात मांडलं. ते पुरतं सुटलं नाही. पण जागतिक कापूस दिनाची कल्पनाही याच चौघांची. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या इमारतीत तो पहिल्यांदा साजरा झाला, आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली.

पहिल्या कापूस दिनानंतर बरोबर वर्षानं, ७ ऑक्टोबर २०२० ला, भारतानं आपल्या कापसाला नाव दिलं : कस्तुरी. गाठीवर क्यूआर कोड, कापूस कुठल्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, निघाला याचा माग लावता येईल अशी नोंद. खर्च निम्मा सरकारचा, निम्मा उद्योगाचा. २०२३ च्या डिसेंबरात त्या आंतरराष्ट्रीय समितीची ८१ वी बैठक मुंबईत भरली.

इथं माझ्या मनातली एक गोष्ट बोलून टाकतो. अमेरिकेत गाठीमागे डॉलर शेतकरी देतो, म्हणून टेबलावर त्याची खुर्ची आहे. आपल्या दोन-तीन एकरवाल्याकडून असा पैसा मागणं अन्यायाचं होईल. पण त्याची वर्गणी नाही म्हणून खुर्चीही नाही, असं व्हायला नको. देशात सुमारे ६० लाख कापूस उत्पादक आहेत. कस्तुरीच्या बैठकीत जिनिंगवाला हवा, गिरणी हवी, निर्यातदार हवा, तसा राळेगावचा किंवा अकोटचा शेतकरीही हवा.

प्रचारात खरंही बोललं पाहिजे. एक किलो कापसाला वीस हजार लिटर पाणी लागतं, हा आकडा जगभर सरसकट फेकला जातो. महाराष्ट्रातला बहुतेक कापूस पावसावर येतो. त्याला कुठल्या धरणाचं पाणी लागलं? हे संघटनांनी मिळून ठणकावून सांगायला हवं. सुती कपडा मातीत गेला तर कुजतो, पॉलिएस्टरचे धुण्यात निघालेले बारीक कण पाण्यात तसेच राहतात, हेही सांगायला हवं. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस निसर्गाचा धागा आहे असं जगाला सांगताना ती माणसं डोळ्यांआड करता येणार नाहीत. कापूस वेचणाऱ्याला आणि फवारणाऱ्याला जपणं हासुद्धा प्रचाराचाच भाग आहे.

(दृश्य : जिनिंग. पांढऱ्या ढिगाऱ्यातून एक निळा धागा दोन बोटांत धरलेला.)

हा धागा बघा. खताच्या पोत्याचा आहे, प्लास्टिकचा. कापूस वेचून असल्या पोत्यात भरला की त्याचे तुकडे कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये नजरेतून सुटला तर थेट सुतात जातो. कापड रंगवलं की हा रंग धरत नाही, आणि तयार थानावर ठिपका उठतो. एका धाग्यापायी अख्खं थान बाजूला पडतं, आणि परदेशातला गिऱ्हाईक भारतीय कापूस म्हटला की दोन पैसे कापूनच बोलतो. कस्तुरीची कसोटी इथं आहे. तसंच केसांचं. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी वेचणीच्या वेळी डोक्याला सुती फडकं बांधायला सांगतात, आणि वेचलेला कापूस सुती कापडात भरायला.

(दृश्य : पुन्हा शेत. संध्याकाळ.)

दिवस कलला. ओट्या रिकाम्या होतायत. बांधावर एक जुनं धोतर पसरलंय, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आजोबांच्या वेळचं. त्यावर कापसाचा ढीग वाढतोय. चार टोकं उचलून गाठ मारली, वर गुडघा दाबला, पुन्हा आवळली. काट्यावर चढवलं, वजन वहीत लिहून घेतलं.

तिनं साडीला चिकटलेला कापसाचा पुंजका बोटानं उचलला, आणि उरलेल्या ढिगात टाकला.