झाड आणि झाडू

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचं नाव 'नदी आणि नदीकाठचं रान: एक अतूट नातं' असं छापलंय, त्यातलं 'अतूट' माझं नाही. मी नुसतं नदी आणि रान एवढंच कळवलं होतं. अतूट असतं तर मला इथे बोलायला यावंच लागलं नसतं. असो. विषय तोच आहे, त्यावर मी येणार आहे, आधी थोडी प्रस्तावना करतो, थोडी म्हणजे किती ते त्या समोरच्या घड्याळाला विचारा.

तुमच्यातले निम्मे लोक नदीकाठच्या वाटेवर रोज चालायला येतात, मी तुम्हाला ओळखतो, चेहऱ्यानं नाही, पाठीनं, कारण सगळे मला मागे टाकून जातात. मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं मागतं, ती दिली की झालं. माझं म्हणणं एवढंच की त्या दहा हजारातली दोनशे पावलं वाटेवरून खाली उतरून टाका. तिथे पायवाट आहे, आधीच पडलेली, नवी पाडू नका. आत जे आहे ते देशी झाडांचं जुनं रान आहे, जुनं म्हणजे कुणी न लावलेलं. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, पाण्याशी वाळुंज. आपण त्याला 'झाडी' म्हणतो, चालणारे लोक 'जंगल' म्हणतात, आणि एका कागदावर त्याला 'पडीक' म्हटलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय.

देशी म्हटलं की एक हात वर होतोच. झालाच बघा. तुम्ही विचारणार, चिंच देशी की परदेशी? चिंच मूळची आफ्रिकेतली, पण इतक्या जुन्या काळी आली की आता तिला कुणी पासपोर्ट विचारत नाही, मीही विचारणार नाही. गुलमोहर मादागास्करचा, उंदीरमारी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, ही तशी कालची पाहुणी. पण माझी परीक्षा जन्मदाखल्याची नाही. मी विचारतो, या झाडाला खातं कोण? करंजाचं पान घ्या. भोकं पडलेली, कडा कुरतडलेल्या, वर बारीक बारीक गाठी, त्या गाठी कोळ्यांचे लांबचे नातेवाईक असलेले अतिसूक्ष्म जीव करतात. लोक मला फोटो पाठवतात, 'झाडाला रोग लागलाय, कुठलं औषध मारू?' अहो, रोग नाही, पंगत बसलीये! अर्जुनावर टसर रेशमाचा किडा पोसला जातो. आणि ज्या झाडाचं पान वर्षभर इस्त्री केल्यासारखं दिसतं ना, ते झाड इथल्या कुणाच्याच ओळखीचं नसण्याची शक्यता जास्त.

उंबराचं तर काय सांगू. फूल दिसतच नाही म्हणून आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतो, पण फुलं असतात, ढिगानं असतात, त्या फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. एक चिमुकली गांधीलमाशीसारखी माशी तोंडाच्या भोकातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आत ती परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. हे ऐकल्यावर उंबर खाणं सोडू नका, बाकीच्यांनी सोडलेलं नाही.

आता मुद्द्याकडे जाता जाता एक गोष्ट सांगतो. ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकलीये त्यांनी मोबाईल बघायला हरकत नाही.

त्या रानात एक वठलेला पांगारा होता. पूर्ण मेलेला, साल सोललेली, वरचा शेंडा मोडलेला. मी अकरा वर्षं त्याच्याकडे जात होतो. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, वठल्यावर तर आणखीनच, त्यामुळे तांबटाला तो फार आवडायचा. तांबट म्हणजे तो दुपारभर टुक टुक टुक करणारा, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा, आवाज ऐकलाय सगळ्यांनी, पक्षी पाहिलाय चौघांनी. तो फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक कोरतो, खालच्या बाजूला अशासाठी की पाऊस आत जाऊ नये. एका वर्षी त्यानं कोरलं, पिल्लं काढली, गेला. पुढे ते भोक कुजून जरा मोठं झालं तर तिथे दयाळ आला. वर खोडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी, दिवसा तोंड बाहेर काढून आमच्याकडे अशी बघायची जशी सोसायटीतली माणसं नव्या भाडेकरूकडे बघतात. खाली मुळाशी वाळवी, बुरशी, भुंगेऱ्यांच्या अळ्या. जिवंत असताना त्या झाडावर इतकी गर्दी नव्हती.

एका शनिवारी मी पंधरा जणांना घेऊन गेलो. रस्ताभर सांगत होतो, थांबा, आता एक मेलेलं झाड दाखवतो, आयुष्यभर लक्षात राहील. पोचलो तर झाड नाही! तुकडे करून रचून ठेवलेले. आजूबाजूची जमीन खराट्यानं अशी झाडलेली की अंगण वाटावं, पालापाचोळ्याचे तीन ढीग आणि तिन्ही धुमसतायत. उरलेल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. आणि पांगाऱ्याच्या जागी एक पाटी: निसर्ग जपा.

पंधरा जण माझ्याकडे बघतायत. मी त्या पाटीकडे.

तिथे देखरेखीला एक साहेब होते, सज्जन माणूस, मला म्हणाले, "काका, वाळलेलंच होतं हो, तुमचं काय गेलं त्यात?" आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. माझं काय गेलं? मला घरी आल्यावर, जिन्यात, उत्तर सुचलं, नेहमीसारखं. फिनलंडच्या जंगलांवर यावर फार काम झालंय, तिथले अभ्यासक सांगतात की जंगलातल्या साधारण २० ते २५ टक्के जीवजाती कुठल्या ना कुठल्या प्रकारे मेलेल्या लाकडावर अवलंबून असतात. आपलं रान म्हणजे फिनलंड नाही, आकडा इथे तसाच लागू करू नका, पण भाडेकरूंची कल्पना येते. आता असंही म्हणू नका की मी हट्टी आहे. वाटेवर कलंडलेलं, कुणाच्या डोक्यात पडेल असं झाड असेल तर ते तोडाच, मी दोरी धरायला येतो. पण तोडल्यावर ओंडका रानातच आडवा टाका ना, नेता कुठे? त्या दिवशी हे म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. ते सुचलं एका कामगाराला, सर्वात जाड तुकड्याकडे बघून तो म्हणाला, "हा उचलणार नाही साहेब, इथंच झुडपात ढकलू का?" साहेब म्हणाले ढकला. त्या सबंध मोहिमेतलं निसर्गासाठी झालेलं हे एकमेव काम, आणि ते आळसातून झालं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं. आता पळतो, नदी आणि रान.

पहिली गोष्ट, नदीकाठची झाडं कशीही उभी नसतात, पूर त्यांना रांगेत उभं करतो. अगदी प्रवाहात, खडकाच्या फटीत शेरणी, अरुंद पानं, लवचिक फांद्या, पूर आला की आडवी होते, ओसरला की उभी. तिच्या मागे वाळुंज, मग करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, आणि जिथे पाणी क्वचितच चढतं तिथे वावळ वगैरे मंडळी. म्हणजे वाटेवरून पाण्याकडे उतरताना तुम्ही पुराची उंची वाचत उतरत असता.

दुसरी, बिया. वाळुंजाचं बी कापसासकट उडतं आणि फार थोडे दिवस जगतं, तेवढ्यात त्याला ओला, मोकळा, ताजा गाळ मिळायला हवा, आणि तो पूरच आणून टाकतो. करंजाच्या शेंगा तरंगत जातात, अर्जुनाची पाच पंखांची फळंही. आपण वाट बांधताना काठाला काँक्रीटची भिंत घातली तर झाडं लगेच मरत नाहीत, पण त्यांना पोरं होत नाहीत, आणि हे कळेपर्यंत आपण उद्घाटन करून घरी गेलेलो असतो.

तिसरी गोष्ट पालापाचोळा, ज्यासाठी मी खरं तर आलो होतो. १९८० साली रॉबिन व्हॅनोट या अमेरिकी नदी-अभ्यासकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की उगमाकडचे सावलीतले ओढे जगतात ते मुख्यतः काठावरच्या झाडांच्या गळलेल्या पानांवर. पान पाण्यात पडतं, बुरशी लागते, किडे कुरतडतात, त्या पानाचा चुरा वाहत खालच्या जिवांना मिळतो. खाली नदी मोठी होते तशी गणितं बदलतात, ते सगळं सांगायला वेळ नाही, पण पान जाळलंत तर नदीचंच ताट ओढून घेतलंत.

चौथं, मियावाकी, म्हणजे देशी झाडं दाट लावून रान उभं करायची पद्धत. आजकाल दाटीवाटीनं काहीही लावलं की मियावाकी. ती ज्यांच्या नावानं चालते ते अकिरा मियावाकी, जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, १९२८ चा जन्म, २०२१ मध्ये गेले, जर्मनीत राइनहोल्ड ट्युक्सेन यांच्याकडे शिकले. त्यांचा सगळा भर दाटीच्याही आधी या प्रश्नावर होता की माणसानं हात लावला नसता तर इथे काय उगवलं असतं, आणि त्याचं उत्तर ते जपानी देवस्थानांभोवतीच्या जुन्या राईत शोधायचे. आपल्याकडे ते उत्तर वाटेपासून दोनशे पावलांवर उभं आहे, आणि आपण ते खराट्यानं...

हो हो, चिठ्ठी दिसली, दुसरी.

ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी उजाडता उजाडता वाटेच्या टोकाला या. गट लहान ठेवू, बोलणं कमी, म्हणजे माझंही. पूर्ण बुटात या, पाय टाकण्याआधी बघून टाका, कुठलाही दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा. आणि तो पांगाऱ्याचा ओंडका अजून तिथेच आहे, करंजाच्या खाली, आता पार पोचट झालाय, वरून अगदी बाकासारखा दिसतो. त्याच्यावर बसू नका. आत लोक राहतात.