गटिंगेनचं दार

[दृश्य: लाइने नदीकाठचं गाव. लाल कौलं, चर्चचे मनोरे, सायकलवरून जाणारे विद्यार्थी.]

जर्मनीत लाइने नदीच्या काठी गटिंगेन नावाचं एक लहानसं शहर आहे. १७३७ मध्ये इथल्या विद्यापीठाचं रीतसर उद्घाटन झालं. नाव मिळालं हॅनोव्हरच्या राज्यकर्त्याचं, गेओर्ग ऑगुस्ट. इंग्लंडच्या गादीवरचा दुसरा जॉर्ज तो हाच. विद्यापीठाला घडवलं मात्र त्याच्या मंत्र्याने, म्युन्शहाउझेनने. त्याने सुरुवातीलाच एक मोठी गोष्ट केली. इतर विषयांच्या प्राध्यापकांनी काय शिकवावं, काय छापावं यावर धर्मशास्त्राच्या विभागाला हक्क सांगता येणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं. त्या काळच्या युरोपात हे धाडस होतं.

दुसरी गोष्ट ग्रंथालयाची. तिथली पुस्तकं विद्यार्थ्यांनाही घरी नेता येत. ख्रिस्तियान हाइने हे ग्रीक-लॅटिनचे पंडित पन्नास वर्षांच्या आसपास या ग्रंथालयाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत ग्रंथसंख्या दोन लाखांच्या घरात गेली. पुढे गणित, भाषा, भौतिकशास्त्र, व्याकरण अशा एकमेकांपासून दूरच्या विषयांत इथे जे काम झालं, त्याचा पाया या दोन निर्णयांत आहे.

[दृश्य: अठराव्या शतकातला नकाशा. कोपनहेगन, इजिप्त, येमेन, मुंबई.]

त्या कामाचा एक धागा थेट आपल्या घारापुरीपर्यंत येतो.

गटिंगेनमध्ये मिखाएलिस नावाचे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. बायबलमध्ये आलेली झाडं, प्राणी, रोग, चालीरीती नीट समजायच्या तर अरबस्तानात माणसं पाठवायला हवीत, हा त्यांचा आग्रह. डेन्मार्कच्या राजाने खर्च उचलला. १७६१ च्या जानेवारीत सहा जण कोपनहेगनहून निघाले. त्यांतला एक होता कार्स्टन नीबूर, शेतकऱ्याच्या घरातला तरुण. तो गटिंगेनला टोबियास मायर यांच्याकडे खगोलगणित शिकला होता. चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून आपण कोणत्या रेखांशावर आहोत हे काढण्यासाठी मायर यांनी कोष्टकं तयार केली होती. त्या कोष्टकांसाठी पुढे ब्रिटिश सरकारने त्यांच्या विधवा पत्नीला ३,००० पौंड दिले.

मोहिमेचं पुढे काय झालं ते ऐकवत नाही. येमेनमध्ये दोघं गेले. मुंबईच्या वाटेवर समुद्रात आणखी दोघं. १७६४ च्या फेब्रुवारीत मोहिमेचा डॉक्टर क्रामर मुंबईत वारला. उरला एकटा नीबूर.

त्याने काम थांबवलं नाही. घारापुरीच्या लेण्यात जाऊन त्याने मोजमापं घेतली, मुख्य लेण्याचा आराखडा केला, शिल्पांची रेखाटनं केली. त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात, १७७८ मध्ये, ती छापून आली. खांबांच्या रांगा आणि गाभाऱ्याची जागा त्यात मापानिशी दाखवलेली आहे.

परतीच्या वाटेवर, १७६५ मध्ये, तो इराणात पर्सेपोलिसला थांबला. तिथल्या दगडांवर खिळ्यांच्या आकाराची अक्षरं होती. कुणालाच न वाचता येणारी. नीबूरने ती एकेक करून उतरवून घेतली.

[दृश्य: क्यूनिफॉर्म शिलालेख, हळूहळू जवळून.]

सदतीस वर्षांनी त्या नकला गटिंगेनमधल्याच एका शाळामास्तरांच्या टेबलावर होत्या. गेओर्ग ग्रोटेफेंड, वय २७. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी धरून चाललं की हे राजांचे लेख आहेत, आणि नंतरच्या इराणी राजांच्या लेखांसारखाच यांचाही साचा असणार: अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुक राजाचा पुत्र. मग त्यांना दिसलं की एका लेखातला मुलगा दुसऱ्या लेखात बाप आहे. आणि पहिल्या लेखात त्या मुलाच्या बापाच्या, म्हणजे आजोबांच्या, नावापुढे ‘राजा’ हा शब्दच नाही! म्हणजे आजोबा राजा नव्हते, मुलगा झाला, नातूही झाला. इराणच्या इतिहासात ही अट कुठे बसते? विश्तास्प, त्याचा मुलगा दारयवहुश, म्हणजे दरायस, आणि त्याचा मुलगा झर्क्सीस. तीन नावं लागली आणि अक्षरं सुटू लागली.

सप्टेंबर १८०२ मध्ये हे काम गटिंगेनच्या विद्वत्सभेपुढे मांडलं गेलं. पण सभेने तो निबंध काही पूर्ण छापला नाही. ग्रोटेफेंड विद्यापीठातले नव्हते ना! शेवटी हेरेन नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून त्याला जागा दिली. उघड्या दाराचा अभिमान असलेल्या या गावात दार असं अर्धवट लोटलेलंही असे, हे विसरून चालणार नाही.

[दृश्य: जुनी वेधशाळा. छपरांवरून जाणारी तार, रेखाचित्र.]

१८३३. वेधशाळेत गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस, गावात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हिल्हेल्म वेबर. दोघांनी घरांच्या छपरांवरून आणि चर्चच्या मनोऱ्यांवरून तार ओढली. एका टोकाला विजेच्या प्रवाहाची दिशा बदलायची, दुसऱ्या टोकाला चुंबकाची सुई डावीउजवीकडे वळायची. त्यावरून अक्षरं. तारायंत्राचा प्रत्यक्ष कामाला आलेला हा अगदी सुरुवातीचा नमुना.

चारच वर्षांनी हॅनोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला आणि सातही जणांना काढून टाकण्यात आलं. त्यांत वेबर होते, आणि लोककथा जमवणारे याकोप आणि व्हिल्हेल्म ग्रिम हे भाऊही होते. याकोप ग्रिमसह तिघांना तर तीन दिवसांत राज्याबाहेर जायला सांगितलं.

१८५४ मध्ये तरुण गणितज्ञ रीमान यांनी इथेच भूमितीच्या पायाबद्दल एक व्याख्यान दिलं. गाउस समोर बसले होते. आइन्स्टाइन यांना आपल्या सापेक्षतेच्या सिद्धांतासाठी जी भूमिती लागली, तिचं मूळ त्या व्याख्यानात आहे.

[दृश्य: एमी नोएथर यांचं छायाचित्र.]

आणि त्या सिद्धांतातूनच एक गाठ परत गटिंगेनकडे आली. सापेक्षतेच्या नव्या मांडणीत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नीट बसेना. इथले गणिताचे प्राध्यापक डाव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांनी १९१५ मध्ये गणितज्ञ एमी नोएथर यांना बोलावून घेतलं. पण बाईला अध्यापनाचा अधिकार द्यायला विभागातल्या अनेकांचा विरोध. मग त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. पगार नाही.

१९१८ च्या जुलैमध्ये त्यांचा प्रबंध विद्वत्सभेत मांडला गेला, तोही क्लाइन यांनी. कारण नोएथर सभासद नव्हत्या. काय होतं त्यात? निसर्गाचे नियम आज आणि उद्या तेच असतील, तर ऊर्जा अक्षय्य राहते. इथे आणि तिथे तेच असतील, तर संवेग अक्षय्य राहतो. कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी तेच असतील, तर कोनीय संवेग. नियमातलं प्रत्येक अखंड सारखेपण आपल्याबरोबर एक न बदलणारी राशी घेऊन येतं. आज मूलकणांचा कोणताही सिद्धांत उघडा, पायाशी ही बाई आहे. अध्यापनाचा अधिकार त्यांना १९१९ मध्ये मिळाला.

१९२५ मध्ये हायझेनबर्ग, माक्स बोर्न आणि योर्डान यांनी इथेच पुंजयामिकीची, म्हणजे अणूच्या पातळीवरच्या नियमांची, पहिली सुसंगत मांडणी केली. शेजारी लुडविग प्रान्ट्ल विमानाच्या पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचं गणित शिकवत होते. जगभरातून मुलं गटिंगेनला यायची.

[दृश्य: १९३३. काळ्या पडद्यावर फक्त तारीख, ७ एप्रिल.]

मग एक कायदा आला. ७ एप्रिल १९३३. ज्यू आणि सरकारला नको असलेल्यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा. जेम्स फ्रांक हे नोबेल मिळालेले ज्यू प्राध्यापक पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेले असल्यामुळे कायद्याच्या तडाख्यातून सुटत होते. त्यांनी सवलत नाकारली आणि जाहीर राजीनामा दिला. त्यांच्या पाठीशी उभं राहण्याऐवजी गटिंगेनच्या काही अध्यापकांनी त्यांच्याच विरोधात निवेदन काढलं. नोएथर गेल्या, बोर्न गेले, गणित संस्थेचे कूरांट गेले. पुढे एका मेजवानीत नाझी शिक्षणमंत्र्याने हिल्बर्ट यांना विचारलं, ज्यू गेल्याने तुमच्या संस्थेचं फार नुकसान झालं का? हिल्बर्ट म्हणाले, नुकसान? ती संस्थाच आता उरलेली नाही. हा किस्सा गणितवाल्यांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत. दोनशे वर्षं जमवलेलं काही महिन्यांत गेलं. बोर्न यांना त्या काळात काही महिने बेंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत काढावे लागले.

युद्धानंतर गटिंगेन पुन्हा उभं राहिलं. १९४८ मध्ये माक्स प्लांक सोसायटी इथेच स्थापन झाली. तिच्या इथल्या संस्थेत नेहर आणि झाकमान यांनी पेशीच्या आवरणातल्या एकेका सूक्ष्म वाटेतून जाणारा विद्युतप्रवाह मोजला. १९९१ चं नोबेल त्यासाठी.

[दृश्य: पुणे. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत.]

संस्कृतचं काम राहिलं सांगायचं. फ्रांझ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. पंधरा वर्षं राहिले. पुण्याच्या शास्त्रीमंडळींबरोबर बसून व्याकरणाची परंपरा आत्मसात केली. नागोजीभट्टांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ संपादित केला, इंग्रजीत आणला. मग हाती घेतलं पतंजलींचं महाभाष्य, म्हणजे पाणिनींच्या व्याकरणावरचं मोठं विवेचन. अडचण अशी की त्यात कात्यायनांची वार्तिकं, म्हणजे पाणिनींच्या सूत्रांवरच्या त्रोटक टिपा, पतंजलींच्या विवेचनात मिसळून गेलेली. कात्यायन कुठे संपतात आणि पतंजली कुठे सुरू होतात? कीलहॉर्न यांनी देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले आणि वार्तिकं वेगळी करून दाखवली.

तीन खंड मुंबईत १८८० ते १८८५ या काळात निघाले. तोवर कीलहॉर्न गटिंगेनला संस्कृतचे प्राध्यापक झाले होते. त्याच गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि १९६२ पासून पुढच्या दहा वर्षांत भांडारकर संस्थेने कीलहॉर्न यांचं महाभाष्य पुन्हा प्रसिद्ध केलं, काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी सुधारून. आजही महाभाष्यातलं वाक्य दाखवायचं असेल, तर अभ्यासक कीलहॉर्न यांच्या आवृत्तीचा खंड, पान आणि ओळ देतात.