कापूस वेचणी आणि शेवटची तारीख

(दृश्य: दुपारची मधली सुट्टी. हायस्कूलचा लांब व्हरांडा, ताटं घेऊन बसलेल्या रांगा.)

आठवीपर्यंत खिचडी, नववीपासून डबा.

मधल्या सुट्टीत ही सीमा डोळ्यांना दिसते. व्हरांड्यात सहावी-सातवी-आठवीची पोरं रांगेनं बसली आहेत, स्वयंपाकाच्या ताई वाढत पुढे सरकताहेत. या वर्गांना एका विद्यार्थ्यामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ, असा सरकारी हिशेब आहे. पलीकडे निंबाच्या सावलीत नववी-दहावीची मुलं. कोणाच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, कोणाकडे रात्रीची शेवभाजी. दोघं-तिघं मात्र हापशावर पाणी पिऊन तसेच वर्गात जातात.

2009च्या शिक्षणहक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षांच्या मुलांची जबाबदारी सरकारवर टाकली. आठवी संपली की ती जबाबदारीही संपते. खिचडी थांबते, बालभारतीची मोफत पुस्तकं थांबतात, नववीचा संच दुकानातून विकत आणावा लागतो. आणि पोरगा नेमका याच वयात वावरातल्या कामाला उपयोगी पडू लागलेला असतो.

सप्टेंबर उजाडलाय. या शाळेत पुढच्या सहा महिन्यांत काय काय आहे आणि त्यातलं पोरांपर्यंत किती पोचतं, ते बघायला आम्ही इथं आलोय. शाळेचं नाव सांगत नाही. खानदेशात यावल-चोपड्यापासून शहादा-तळोद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्यानं अशा शाळा गावोगाव आहेत.

(दृश्य: ऑफिसबाहेरचा सूचनाफलक. कॅमेरा वरून खाली येतो.)

फलकावर सगळ्यात वर, रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून लिहिलंय: स्नेहसंमेलन, नाटिका आणि नृत्यासाठी नावं द्यावीत. त्याखाली तालुकास्तरीय कबड्डी, 14 आणि 17 वर्षांखालील मुलं-मुली. त्याखाली चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, एका टाचणीवर लटकलेला छापील कागद. अक्षरं इतकी बारीक की जवळ जाऊन वाकावं लागतं.

या फलकावरचा सगळ्यात किमती कागद तोच आहे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. शाळेत सगळे नुसतं एनएमएमएस म्हणतात. आठवीत परीक्षा द्यायची. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी 12,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. चार वर्षांचे 48,000. घराचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 चालतात. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता. प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. महाराष्ट्राचा कोटा 11,682 मुलांचा.

योजना कोणी आखली असेल त्याला हा आठवी-नववीचा टप्पा बरोबर ठाऊक असणार. खिचडी आणि पुस्तकं जिथं थांबतात, तिथूनच हे पैसे सुरू होतात.

यात एक खोच आहे. सरकारी वसतिगृहाच्या सवलती घेणाऱ्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही. आश्रमशाळेतली निवासी मुलंही त्यात आली. त्यामुळे रोज घरून येणाऱ्या, उसन्या वहीवरून अभ्यास करणाऱ्या पोरांसाठीच ही वाट आहे, आणि त्यांच्याच घरी हा कागद उशिरा पोचतो.

(दृश्य: पांढरं झालेलं कपाशीचं शेत. वेचणाऱ्या बाया, कमरेला ओटी बांधलेली मुलं.)

परीक्षा साधारण डिसेंबरात होते. अर्ज भरायचे ते त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत. आणि खानदेशात तेव्हा कापूस फुटलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातले जितके हात तितके पैसे. दसऱ्याच्या आसपास आठवीच्या वर्गात मागचे बाक रिकामे व्हायला लागतात. दिवाळीनंतर आणखी. नंदुरबारकडची, चाळीसगावकडची काही कुटुंबं तर दिवाळी आटोपली की ऊसतोडीला निघतात, काही मजुरीसाठी गुजरातेत. हजेरीपत्रकात एका नावापुढं ‘गै’ पडायला लागतं आणि पुढं पडतच राहतं.

आठवीचे वर्गशिक्षक सायंकाळी फोन घेऊन बसतात. बोलणं इथल्या अहिराणी बोलीत.

“राम राम आप्पा. पोरना फारम भरना शे. उत्पन्नना दाखला लागी.”

“मी वावरमा शे सर. सांजले येसू.”

सांज होते, आप्पा येत नाहीत. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतात. या शाळेतून जी मुलं परीक्षेला बसतात, ती बहुतेक अशा तिसऱ्या-चौथ्या फोननंतर बसलेली असतात.

दाखला मिळाला तरी काम संपत नाही. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं हवं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव एकच हवं. शिवाय निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. परीक्षेच्या तयारीची पुस्तकं बाजारात पैशाला पासरी मिळतात. या नूतनीकरणाबद्दल मात्र कोणी पान खर्च करत नाही.

नावाचं हे दुखणं दहावीतही आहे. बोर्डाचे फॉर्म साधारण दिवाळीच्या मागंपुढं भरले जातात. मग बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, म्हणजे सगळ्या परीक्षार्थींची नावं, जन्मतारखा आणि विषयांची यादी, शाळेनं तपासून द्यायची. ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब ती प्रत्येक मुलाला स्वतः वाचायला लावतात. आईचं नाव, आडनावातली वेलांटी, सगळं. एकदा मार्कशीट छापून आली की तीच वेलांटी सुधारायला नाशिकच्या विभागीय मंडळापर्यंत कागद फिरवावे लागतात.

(दृश्य: चित्रकलेचा वर्ग. फळ्यावर खडूनं काढलेली सुरई आणि वांगी.)

चित्रकलेच्या वर्गात गर्दी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या परीक्षा, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. दहावीला त्याचे जादा गुण मिळतात, इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर 7, बी असेल तर 5, सी असेल तर 3. गुणांसाठी मुलं येतात हे खरंच आहे. पण स्थिरचित्राला समोर भरताची हिरवी वांगी मांडली की पोरं ज्या आपुलकीनं त्यांचे देठ रंगवतात, ते गुणांसाठी नसतं.

कबड्डीबद्दल फार बोलायला नको. मैदान आहे, शिट्टी आहे, बूट नाहीत.

इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेसाठी शाळेनं मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात. निवडलेल्या कल्पनेला प्रतिकृती करायला 10,000 रुपये मिळतात. या वर्षी एका मुलीची कल्पना आहे केळीचा घड खांद्यावरून उतरवताना मानेला आधार देणाऱ्या गादीची. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात कापणी सुरू असताना एकदा उभं राहून बघा, ही कल्पना कुठून आली ते समजेल.

(दृश्य: ग्रंथालय. काचेची कपाटं.)

ग्रंथालयाची कपाटं काचेची आहेत आणि त्यांना कुलूप आहे. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ती सगळी उघडतात, मुलांना पुस्तकं देऊन ओळीनं बसवतात, फोटो होतो. मग पुन्हा कुलूप. हे सगळ्याच शाळांत होतं असं नाही, पण इतक्या शाळांत होतं की इथं लपवण्यात अर्थ नाही. या शाळेत एका बाईंनी त्यावर वाट काढली आहे. वर्गात खोक्यात ठेवलेली चाळीसेक पुस्तकं, नोंद मुलांनीच करायची, हरवलं तर ओरडा नाही.

अमळनेर इथून फार लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. एका माणसानं, हातानं, रोज! 24 डिसेंबरला गुरुजींची जयंती. त्या दिवशी भाषणं होतात, प्रतिमेला हार घातला जातो. यंदा भित्तिपत्रक करायचं ठरलंय आणि त्यातला एक रकाना फक्त फॉर्म आणि तारखांसाठी राखलाय. हारापेक्षा हे बरं.

9 सप्टेंबरच्या तयारीचा आवाज मागच्या वर्गातून येतोय. 1942 साली याच दिवशी नंदुरबारात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता तेव्हा 15 वर्षांचा होता, शाळेत शिकणारा. त्याच्यासह पाच जण गेले. नववीची मुलं त्यावर नाटिका बसवताहेत. झेंडा कोणी धरायचा यावरून दोन दिवस भांडण चाललंय.

(दृश्य: एसटी स्टँड. संध्याकाळ. निळी बस.)

बाहेरगावच्या पोरांसाठी शाळेइतकीच एसटी महत्त्वाची. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत, मुलांना तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात. 2024च्या जूनपासून महामंडळ पास शाळेतच देऊ लागलं, डेपोच्या खिडकीपुढच्या रांगा कमी झाल्या. मानव विकास कार्यक्रमाची ही निळी बस खास मुलींसाठी धावते. अडचण वेळेची आहे. दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर लागतात आणि तोवर बस निघून गेलेली असते. म्हणून इथं जादा तास सकाळी घेतात. पौषातल्या थंडीत साडेसातला स्वेटर घालून बसलेल्या मुली बीजगणित सोडवताना दिसतात.

प्रवेशद्वाराशी एक पेटी आहे, तक्रारपेटी. प्रत्येक शाळेत ती असावी असा नियम आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असावी असा नियम आहे. पेटीवर 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक रंगवलाय. ती मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर होती तोवर रिकामी निघायची. पाण्याच्या टाकीमागं हलवल्यावर चिठ्ठ्या पडायला लागल्या.

(दृश्य: पाटण, चाळीसगावजवळचं देऊळ आणि मागचे डोंगर. सहलीची एसटी.)

जानेवारीत सहल आहे. मुलांची मागणी अजिंठ्याची होती. गणिताच्या सरांनी पाटण घालून घेतलं.

इथला शिलालेख 1207 सालचा. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी केलेल्या तरतुदीचा एक जुना दस्तऐवज खानदेशात दगडावर कोरलेला आहे. त्यातली घराण्याची थोरवी संस्कृतात. पण मठाला पैसा कुठून मिळणार, बाजारातल्या खरेदी-विक्रीवरचा कर किती, घाण्यामागं तेल किती, तो भाग शेवटी जुन्या मराठीत आलाय. कर द्यायचा होता तो पेठेतल्या माणसानं आणि तेल द्यायचं होतं तेल्यानं. ज्याचा व्यवहार, त्याला वाचता यावं अशा भाषेत तो लिहिला असावा, असं मानायला जागा आहे.

आठशे वर्षांनी फलकाच्या कोपऱ्यात लटकलेला तो छापील कागद मात्र अशा मराठीत आहे की पदवीधराला दोनदा वाचावा लागतो. म्हणून वर्गशिक्षकांनी आता तो सगळा मजकूर अहिराणीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. दीड मिनिटाचा. पालकांच्या गटावर टाकला की कापसाच्या शेतातही ऐकू येतो.

(दृश्य: ढोल. होळीच्या तयारीतलं पाड्यावरचं अंगण.)

दहावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन मार्चमध्ये जाते. सातपुड्यात तोच होळीचा हंगाम. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजायला लागतात, काठी गावच्या राजवाडी होळीला डोंगरातून माणसं चालत येतात. वसतिगृहातल्या पोरांना पेपर आहे म्हणून घरी जाऊ नको म्हणणं सोपं नाही, आणि योग्यही वाटत नाही. पेपर आणि होळी यांच्यामधले दिवस मोजून, कोणी कधी जायचं आणि कोणत्या बसनं परत यायचं, याचा तक्ता इथले शिक्षक जानेवारीतच मुलांबरोबर बसून करतात.

निकालानंतर अकरावी. 2025 पासून राज्यभर प्रवेश ऑनलाइन झालाय, म्हणजे गावातल्याच कॉलेजात जायचं असलं तरी अर्ज संगणकावरून. शाळेची संगणक खोली निकालाच्या आठवड्यात त्यासाठी उघडी ठेवायचं ठरलंय. वीज असली तर.

(दृश्य: शाळेचं फाटक. बाहेर आठवडे बाजाराची पालं पडताहेत.)

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवीच्या पालकांची सभा आहे. सरांनी शनिवार मुद्दाम धरला, कारण या गावचा बाजार शनिवारी भरतो आणि त्या दिवशी शेतकामाला सुट्टी असते. येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला आणावा. दाखला काढलेला नसेल तरी यावं. त्याचा अर्ज कसा करायचा ते सभेतच सांगणार आहेत.