एकोणतीस सांगितलं, पोराने ३१ का लिहिलं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकाच रोगाच्या कमेंट आल्यात. "ताई, मुलगा तिसरीत आहे, सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो." "ताई, मुलीला पाढे तोंडपाठ, पण आकडे उलटे." आणि एक आजोबा लिहितात, "आमच्या वेळी दोन छड्या बसल्या की आकडे सुलटे व्हायचे." आजोबा, तुमच्या वर्गात ज्यांचे सुलटे झाले नाहीत, ती पोरं चौथीनंतर शाळेत दिसली का, तेवढं आठवून बघा.

आधी मागचं, आकडे आणि अक्षरं अडण्याबद्दलचं, भराभर उरकते. वाचनात अडकणं डिस्लेक्सिया, लिहिण्यात डिस्ग्राफिया, गणितात डिस्कॅल्क्युलिया. सगळं मिळून अध्ययन अक्षमता, शाळेच्या भाषेत एलडी. पोर ढ आहे असा त्याचा अर्थ नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, त्याला ठरलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं; मुंबईत सायनला असं केंद्र आहे. मूल मराठी शाळेत असेल तर चाचणीही मराठीत मागा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' नावाची चाचणी मराठीत आहे. आणि पहिली-दुसरीतलं पोर उलटा आकडा लिहितंय म्हणून लगेच घाबरून धावू नका, त्या वयात पुष्कळ पोरं लिहितात. झालं.

आता मुद्दा. मराठी आकडा ऐकायचा एका टोकाने आणि लिहायचा दुसऱ्या टोकाने. म्हणून बघा: सत्ता... वीस. कानावर आधी काय पडलं? सात. पोराने आधी काय लिहिलं? सात. ऐकलं तसं लिहिलं, आज्ञाधारक पोर आहे! कुणीतरी विचारलंय, "इंग्रजीत बरोबर लिहितो, मराठीतच मुद्दाम करतो का?" अहो, ट्वेंटी सेव्हनमध्ये वीस आधीच येतात. तिथे घोळ व्हायला जागाच नाही.

आणि एकोण आला की बघायलाच नको.

माझंच सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, तिसरीचा वर्ग. आकड्यांचं श्रुतलेखन घेतलं, एका मुलाचे दहातले सहा चुकले. मी लाल पेनाने फुल्या मारल्या आणि खाली झोकात शेरा लिहिला, "लक्ष दे." वह्या घरी आणल्या होत्या. रात्री ती वही परत हातात आली. एकोणतीसला ३१. एकोणचाळीसला ४१. एकोणसाठला ६१. म्हणजे एकच चूक, ओळीने. त्याला 'एक' ऐकू येत होता, 'साठ' ऐकू येत होता, मधलं 'ओण' हवेत. लक्ष कुणी द्यायला हवं होतं, ते कळलं मला. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवलं, त्याच्याच ६१वर बोट ठेवलं आणि म्हटलं, वाच. "एकसष्ट," म्हणाला. मग थांबला. वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाई, एका आकड्याला दोन नावं असतात का?"

तर, हे बघा. (काड्या कॅमेऱ्यासमोर) खराट्याच्या काड्या, आईस्क्रीमच्या काड्या, काहीही चालेल. दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. कागदावर उभी रेघ मारून दोन घरं करा, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. म्हणा सत्तावीस. तो आधी सात सुट्या उचलेल. उचलू द्या! "आधी दशक, आधी दशक" म्हणून ओरडू नका. सात सुट्या उजव्या घरात, मग दोन गठ्ठे डाव्या घरात. मग त्याच घरांत आकडे. सात आधी लिहिला तरी बिघडलं नाही, उजव्या घरात लिहिला ना? क्रम कानाचा राहू द्या, जागा डोळ्याची.

पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे घाई करतात. दोन दिवस जमलं की आई रेघ पुसते. पुसू नका. तो स्वतः म्हणेपर्यंत की मला रेघ नको, तोवर रेघ राहणार.

एकोणसाठ असाच हाताने. एकोण म्हणजे एक उणा. सहा गठ्ठे मांडा. एक काडी कमी करायची, पण सुटी काडीच नाही! मग एका गठ्ठ्याचं रबर सोडावं लागतं. एक काडी बाजूला, उरल्या नऊ सुट्या, गठ्ठे पाच. ५९. हे रबर त्याने सोडायचं, तुम्ही नाही. तुम्ही सोडलंत तर एकोण तुम्हाला कळला, आणि तुम्हाला तो आधीच येतो. (नव्व्याण्णव मात्र या नियमात बसत नाही. एकोणशंभर म्हणायला हवं होतं, नाही का?)

इथे कुणीतरी २०१९ काढणारच. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांच्यावर काय काय विनोद झाले. माझं मत विचाराल तर पायरी म्हणून ते उत्तम आहे, मी रोज वापरते. "वीस सात, म्हणजे सत्तावीस," दोन्ही एका दमात. पण भाजीवाली पंचेचाळीसच म्हणणार, तेव्हा जुनं नाव सोडून चालत नाही.

वाचनातही हेच दुखणं. 'कि' वाचताना वेलांटी आधी दिसते, म्हणताना क आधी. पोर अडखळणारच.

राहिला माझा आवडता राग: "एक ते शंभर दहा वेळा लिहून काढ." मुलं ते कसं लिहितात बघितलंय कधी? आधी उभ्या ओळीत सगळे २. मग शेजारी वरून खाली १ ते ९. वही सुंदर, आई खूश, आणि एकही आकडा वाचलेला नाही. त्यापेक्षा पाचच आकडे घ्या, काड्यांनी, बोलत बोलत.

कमेंटमध्ये वहीचे फोटो टाकू नका, वर मुलाचं नाव असतं. सांगितलेला आकडा आणि त्याने लिहिलेला आकडा, एवढंच लिहा. सदुसष्ट-शहात्तरवाले, तुमचं पुढच्या वेळी. आणि आजोबा, तुम्हीपण लिहा.