चढाईमागचा फ्लेक्स

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'वेगवान खेळांच्या छायाचित्रणात पार्श्वभूमी कशी सांभाळावी'. वेगवान खेळ पुष्कळ आहेत, पण या खोलीतले बहुतेक जण रविवारी कबड्डीच्या मॅटभोवतीच भेटतात, तेव्हा उदाहरणं तिथलीच घेतो. पॅनिंग (पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं), एक्सपोजर, रात्रीचे दिवे हे सगळं शेवटी घेऊ. आधी एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: पार्श्वभूमी लेन्सनं सांभाळली जात नाही, पायांनी सांभाळली जाते.

आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा स्पर्धेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंना फ्लेक्स. स्वागत, शुभेच्छा, वाढदिवस आणि हात जोडलेले दोन-दोन फुटांचे चेहरे. चढाईपटू निदान रेषेच्या, म्हणजे समोरच्या संघाच्या अर्ध्यात ओलांडावी लागणाऱ्या रेषेच्या, पलीकडे झेपावतो, हात पूर्ण ताणलेला, पायाचा अंगठा मॅटवर रुतलेला, आणि नेमकं त्याच्या कानामागून कोणीतरी हसत नमस्कार करतंय. पोरानं वर्षभर घाम गाळून कमावलेली ती झेप असते. तिच्यावरचा हक्क त्याचा आहे, मागच्या चेहऱ्याचा नाही. मला हे फार लागतं, म्हणून यावर जरा रेंगाळणार आहे.

यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे 'अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, उघडा, मागचं धूसर होईल'. किती धूसर होईल ते मोजू. 300 मिमीची लेन्स एफ 2.8 वर असली की तिचं छिद्र 300 भागिले 2.8, म्हणजे 107 मिमी. खेळाडू 10 मीटरवर आणि फ्लेक्स त्याच्यामागे 5 मीटर. मागचा एकेक ठिपका किती पसरतो? छिद्राला मागच्या अंतरानं गुणा आणि कॅमेऱ्यापासून फ्लेक्सपर्यंतच्या एकूण अंतरानं भागा: 107 गुणिले 5 भागिले 15, म्हणजे खेळाडूच्या मापानं सुमारे 36 मिमी. गर्दीतल्या प्रेक्षकाचा डोळा एवढ्यात पुसला जातो. पण दोन फुटांचा छापील चेहरा 36 मिमीच्या धुक्यानं पुसला जात नाही, फूटभर उंचीची अक्षरंही वाचता येतात. म्हणजे लाखांची लेन्स लावूनही नेते ओळखू येतात.

आता साधी झूम घ्या, 300 मिमीलाच, एफ 5.6 वर. छिद्र अर्धं झालं. पण अशा जागी उभे राहा की खेळाडूमागे 20 मीटर मोकळे मिळतील. पुन्हा गणित करा: तेच 36 मिमी. जागा बदलल्यानं दोन स्टॉप (छिद्राच्या दोन पायऱ्या) फुकट मिळाले! वर एक फायदा. एफ 2.8 ला 10 मीटरवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम वीतभर, 19 सेंमीच्या आसपास. त्यात चेहरा धरला तर पुढे ताणलेला हात जातो. एफ 5.6 ला ती पट्टी दुप्पट होते. किंमत मोजायची ती उजेडात: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चौपट चढवावा लागतो. दिवसाच्या सामन्याला तो सहज परवडतो.

मग मॅटवर खेळाडूमागे जास्तीत जास्त मोकळी जागा कुठून मिळते? पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. बहुतेक छायाचित्रकार लांब बाजूला, मध्यरेषेजवळ बसतात, कारण तिथून दोन्ही संघ दिसतात. तिथून चढाईपटू मधोमध असेल तर त्याच्यामागे समोरच्या कडेपर्यंत 5 मीटर, वर मोकळी पट्टी 3 मीटर, एकूण 8. तो पलीकडच्या कडेच्या राखीव पट्ट्याकडे (लॉबीकडे) सरकला की उरले तीन-चार मीटर आणि फ्लेक्स त्याच्या पाठीला चिकटला. आता अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्यात या. निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, पलीकडचं अर्धं मैदान 6.5, त्यापुढे मोकळी पट्टी 3. बेरीज सव्वातेरा मीटर. शिवाय चढाईपटू तुमच्याकडे तोंड करून येतो. बचावपटूंच्या पाठी आड येतात, हे खरं. म्हणून अगदी मधोमध बसू नका, कोपरारक्षकाच्या बाहेरच्या अंगाला बसा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे एकाच कोपऱ्यातून दोन्ही संघांचे चढाईपटू समोरून मिळतात. उठायची गरज नाही.

संयोजकांकडे एवढंच मागा: एका अंतिम रेषेमागची बाजू फ्लेक्समुक्त ठेवा आणि तिथे दहा फूट उंचीचं गडद हिरवं शेडनेट ताणून बांधा. उरलेल्या तीन बाजू जाहिरातदारांना मिळतातच. मात्र ही मागणी मंडप बांधायच्या आदल्या दिवशी करा. सामन्याच्या सकाळी कुणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांचाही दोष नसतो.

फ्लेक्सचा आणखी एक उपद्रव आहे. नव्या कॅमेऱ्यांची चेहरा-ओळख छापील चेहरासुद्धा पकडते. चढाईपटूनं डोकं खाली घातलं की त्याचा चेहरा हरवतो आणि फोकसची चौकट उडी मारून फ्लेक्सवर जाऊन बसते. तो चेहरा स्थिर, समोर बघणारा, उजेडातला; कॅमेऱ्याला आणखी काय हवं! अशा मैदानावर चेहरा-ओळख बंद ठेवा. फोकसचा लहान झोन घ्या, तो जर्सीच्या नंबरावर ठेवा आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये बचावपटूचा हात आला तरी फोकस सुटणार नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. भरभर घेतो.

उंची. 'खाली बसून काढा' हा सल्ला फुटबॉलला चांगला, कबड्डीत घात करतो, कारण इथे खेळाडूच वाकलेला असतो. त्याचं डोकं जमिनीपासून 1 मीटरवर, अंतर 8 मीटर, फ्लेक्स त्याच्यामागे 6 मीटर. कॅमेरा 30 सेंमीवर ठेवलात तर डोक्यामागे फ्लेक्सची दीड मीटरची उंची येते, बरोबर तोंडावर. उभं राहून 1.6 मीटरवरून घेतलंत तर तिथे 55 सेंमीची उंची येते, म्हणजे बहुधा फ्लेक्सच्या खालची कड. तीन फुटी टेबलावर चढून अडीच मीटरवरून घेतलंत तर डोक्यामागे फक्त जमीन. पकडीच्या गर्दीला हे टेबल सर्वांत उपयोगी. झेप उंच असेल तेव्हा मात्र खाली बसा.

डोक्यातून उगवणारा दिव्याचा खांब. याच अंतरांवर दीड फूट बाजूला सरकलात की खांब डोक्यापासून सुमारे 20 सेंमी हटतो, म्हणजे डोक्याच्या रुंदीपेक्षा जास्त. खांब सामनाभर हलणार नाही, म्हणून हे सामना सुरू होण्याआधी रिकाम्या मॅटकडे बघून ठरवा.

एक्सपोजर मॅन्युअलच. मागे पांढरा फ्लेक्स आला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर खेळाडूला काळवंडवतो, काळोख आला की जर्सी जाळतो. मॅटवरचा उजेड मात्र तोच असतो. रात्री शटर 1/1000 सेकंद, एफ 2.8 आणि त्याला लागेल तेवढा आयएसओ. दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून अँटी-फ्लिकर चालू ठेवा, नाहीतर एका फ्रेममध्ये पार्श्वभूमी पिवळी आणि दुसऱ्यात हिरवी येईल.

पॅनिंग कबड्डीला फारसं नाही, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) आणि सायकलला. 1/60 पासून सुरुवात करा. इथे नियम उलटा: मागे सपाट भिंत किंवा मोकळं आभाळ असेल तर रेघाच उमटत नाहीत, वेग दिसत नाही. मागे रंगीबेरंगी गर्दी हवी. फ्लेक्सची रांगसुद्धा इथे चालते, तिच्या रंगीत पट्ट्या होतात.

खो-खोचं राहिलं. खांबावरचा सूर घ्यायचा तर खांबाच्या मागे, मधल्या पाटीच्या, म्हणजे खांब ते खांब जाणाऱ्या पट्ट्याच्या, रेषेपासून दोन-तीन पावलं बाजूला बसा. सूर मारणारा तुमच्याकडे येतो, मागे पाटीवर बसलेल्यांची रांग विरत जाते. खांब सव्वा मीटरच्या आतला असतो, म्हणून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि फोकस आधीच खांबावर बांधून ठेवा.